‘गांकुत्सुओ’ बघायला बसताना

आधी एक काम करा, इंटरनेटवर पात्रांची यादी शोधू नका. ‘गांकुत्सुओ’ ही अलेक्झांडर द्युमाच्या ‘काउंट ऑफ माँटे ख्रिस्तो’ या सूडाच्या कादंबरीवरची जपानी अ‍ॅनिमे, म्हणजे अ‍ॅनिमेशन मालिका. गोंझो स्टुडिओ, दिग्दर्शक माहिरो माएदा, साल २००४-०५, भाग २४. कुठेही शोधलंत की पहिल्या दोन ओळींतच काउंट मुळात कोण हे सांगून टाकतात. कादंबरी वाचलेल्यांना ते ठाऊक असतंच, पण न वाचलेल्यांच्या तोंडचा घास कशाला काढायचा?

कादंबरी मार्सेयच्या बंदरात सुरू होते, आणि लवकरच एका तरुण खलाशाला अटक होते. मालिका ते सगळं मागे ठेवते आणि थेट कार्निव्हलमध्ये उतरते. द्युमाचा कार्निव्हल रोममध्ये होता, इथला चंद्रावरच्या लूना शहरात, इसवी सन ५०५३ मध्ये. अवकाशयानं आहेत, पण पॅरिस अजून सरदार, बँकवाले, सरकारी वकील आणि ऑपेरा यांचंच. पंधरा वर्षांचा आल्बेर मित्राबरोबर, फ्रान्झबरोबर, मजा करायला आलेला असतो. तिथे त्याला काउंट भेटतो आणि गडी भारावून जातो.

इथून पुढे नजर काउंटवर नको, आल्बेरवर ठेवा. सगळी मेख यातच आहे. सूड घेणाऱ्याची गोष्ट आपण सूड घेणाऱ्याच्या बाजूने ऐकत आलो. इथे ती ज्यांच्यावर सूड उगवायचा त्यांच्या घरातल्या पोराच्या डोळ्यांनी दिसते. पहिले बरेच भाग आल्बेर अगदी बावळटासारखा वागतो. माझी भाची टीव्हीसमोर बसून त्याच्यावर ओरडायची. ओरडू द्यावं, पण मालिका बंद करू नये. त्याचा हा भाबडेपणा पुढे लागणार आहे.

आता डोळ्यांचं. मी इचलकरंजीत साड्यांच्या प्रिंटची डिझाइनं करते, त्यामुळे मला ही मालिका आधी कापड म्हणून दिसली. खऱ्या कापडावर निरी पडली की बुट्टा दुमडतो, घडीत अर्धा गडप होतो. इथे तसं होत नाही. काउंट चालत येतो, झगा हलतो, पण झग्यावरची नक्षी जागची हलत नाही. पुठ्ठ्याला माणसाच्या आकाराचं भोक पाडून तो पुठ्ठा अंथरलेल्या छापील कापडावरून सरकवावा, अगदी तसं दिसतं. कपडेच नव्हे, केसांतसुद्धा नक्षी भरली आहे. वेशभूषेत अ‍ॅना सुई या न्यूयॉर्कच्या फॅशन डिझायनरचाही हात आहे. आमच्या धंद्यात रिपीट, म्हणजे नक्षीची जुळणी, असं सुटलं तर माल परत येईल; इथे मात्र त्या श्रीमंत माणसांच्या अंगावर संपत्ती नुसती चिकटवलेली वाटते, आणि ते बरोबरच आहे.

पण डोळे शिणतात, हे खरं. म्हणून पहिले दोन भाग सलग बघा आणि थांबा. तिसऱ्यापर्यंत नजर बसते. बघताना चेहरे धरा, कापड धरू नका. मोबाइलवर बघू नका, नक्षीचा नुसता चिखल होतो. टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग असतं, ते बंद करा. खोलीत एखादा दिवा राहू द्या. एका रात्रीत तीनपेक्षा जास्त भाग नकोत.

आवाज जपानीच ठेवा. काउंटला जोजी नाकाता यांचा आवाज आहे, आणि तो खर्ज डबिंगमध्ये हाती लागत नाही. भागाच्या सुरुवातीला मागचं कथानक फ्रेंचमध्ये सांगतात, ते पुढे ढकलू नका. सुरुवातीचं गाणंही नको ढकलायला. रंगांच्या या गर्दीत तिथेच तेवढी साधी रेखाटनं आहेत, आणि मालिकेने मागे ठेवलेली गोष्ट त्यांतच डोकावते. संगीत ‘द स्ट्रँगलर्स’ या बँडच्या जाँ-जाक बर्नेलचं. सुरुवातीचं गाणं मऊ, शेवटचं एकदम दणदणीत.

एका कागदावर तीन घराणी लिहून ठेवा. मोर्सेर्फ सेनापती, त्याचा मुलगा आल्बेर. दांग्लार बँकवाला, त्याची मुलगी युजेनी; हिचं आल्बेरशी ठरलंय. व्हिलफोर सरकारी वकील, त्याची मुलगी व्हॅलेंतिन. हिचं फ्रान्झशी ठरलंय, पण हिच्यावर जीव जडलाय माक्सिमिलियाँ मोरेलचा. एवढं पुरे. बाकीची नावं आपोआप बसतात.

कादंबरीवर जीव असलेल्यांनी दोन गोष्टींची तयारी ठेवावी. यंत्रचिलखतं घालून केलेली द्वंद्वं मला आजही पटत नाहीत. एवढ्या नाजूक चित्रांत ती धातूची धूडं उपरी वाटतात. दुसरं म्हणजे आबे फारिया, कादंबरीतल्या खलाशाला तुरुंगात भेटणारा विद्वान पाद्री, इथे नाही. तुरुंगात त्याची जागा एका अमानवी शक्तीने घेतली आहे. फारिया नुसता विचार करून, डाव्या हाताने लिहिलेल्या एका निनावी पत्रावरून, त्या खलाशाचे, दांतेसचे, शत्रू कोण ते शोधून काढतो. ते पान माझं सगळ्यात आवडतं, त्यामुळे ही जागा मला रिकामीच वाटली. पण काउंटची निळसर कातडी, टोकदार कान आणि एकूणच त्याचं माणूसपण सुटत जाणं या बदलाशिवाय जमलं नसतं, हेही कबूल. माएदाला मुळात आल्फ्रेड बेस्टरची ‘द स्टार्स माय डेस्टिनेशन’ करायची होती. तीही माँटे ख्रिस्तोचाच विज्ञानकथेतला अवतार. हक्क मिळाले नाहीत, म्हणून तो मूळ कादंबरीकडे वळला.

व्हिलफोरच्या घरातलं विषप्रकरण संथ वाटेल, तिथे दम धरा. आणि १८वा भाग झोपण्यापूर्वी लावू नका. का, ते विचारू नका.

मालिका संपली की कादंबरी घ्या, पण संक्षिप्त नको. ११७ प्रकरणांची पूर्ण आवृत्ती घ्या आणि रोम येईपर्यंतची सुमारे तीस प्रकरणं आधी वाचा. मालिकेने गाळलेलं किंवा धावतं दाखवलेलं बहुतेक सगळं तिथेच आहे. ही कादंबरी १८४४ ते १८४६ दरम्यान पॅरिसच्या वर्तमानपत्रात क्रमशः आली होती, त्यामुळे रोज दोन-तीन प्रकरणं अशीच छान जातात. माएदाने नंतर याच मालिकेवर तीन खंडांची मांगाही, म्हणजे जपानी चित्रकथाही, केली. ती काउंटच्या बाजूने सांगितलेली आहे, म्हणून सगळ्यात शेवटी उघडा.