पागाचे मणी, गरीची वजने: शिसे ओतताना

पाग म्हणजे हाताने फेकायचे गोल जाळे. त्याच्या काठाला शिशाचे मणी ओवतात, आणि गरीच्या, म्हणजे गळाच्या, दोरीला शिशाचे वजन बांधतात. ही दोन्ही घरी कशी ओतायची ते इथे सांगतो. शिसे वितळवणे अवघड नाही. ३२७ अंश सेल्सिअसला ते पातळ होते, आणि तेवढी आच चांगल्या पेटलेल्या चुलीवरही मिळते. अवघड आहे ते ओल दूर ठेवणे. कोकणच्या हवेत लोखंड, लाकूड, साचा, जुनी वजने, सगळीकडे ओल असते, आणि त्यावर मिठाचा पापुद्रा असेल तर ते मीठ हवेतले पाणी ओढतच राहते. वितळलेल्या शिशाखाली पाण्याचा एक थेंब जरी सापडला तरी क्षणात त्याची वाफ होते. वाफेला पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा लागते, आणि ती जागा करताना कढईतले शिसे वर उडते, तोंडावर, हातांवर. म्हणून खाली जे लिहिले आहे त्यातले बरेचसे कोरडेपणाबद्दलच आहे.

हे काम मार्च ते मेच्या मध्यापर्यंत उरकावे. १ जून ते ३१ जुलै यंत्रनौकांची मासेमारी बंद असते, जाळी दुरुस्तीला उसंत मिळते, म्हणून ओतकामही त्याच दिवसांत काढायचा मोह होतो. तसे करू नका. मणी ओवणे, काठ बांधणे पावसात खुशाल करा. ओतायचे ते कडक उन्हात.

आधी हिशेब. पागाचा व्यासार्ध अडीच मीटर असेल तर काठाचा घेर १५.७ मीटर भरतो. दर ५ सेंटीमीटरला एक मणी धरला तर ३१४ मणी लागतील. २५ मिलिमीटर लांब, १० मिलिमीटर जाड आणि ४ मिलिमीटर भोकाचा मणी साधारण १८ ते १९ ग्रॅम भरतो, म्हणजे सगळे मिळून पावणेसहा ते सहा किलो. उथळ खाडीत कोळंबी-बोयटांसाठी हे जड पडते. तिथे मणी साडेसहा-सात सेंटीमीटरवर न्या, वजन साडेचार किलोंच्या आसपास येईल. ओहोटीची ओढ जोरात असेल तिथे मात्र जवळजवळच हवेत. हलका काठ तळाला टेकेपर्यंत मासा खालून निसटतो. हिशेबापेक्षा दहा टक्के शिसे जास्त घ्या. मळी (वितळलेल्या शिशावर येणारी करडी घाण) आणि साच्याच्या तोंडाशी राहणारी गाठ यांत तेवढे जाते.

गरीसाठी गोळा करायचा असेल तर १५ मिलिमीटर व्यासाचा गोळा २० ग्रॅम, २० मिलिमीटरचा ४७ ग्रॅम आणि २५ मिलिमीटरचा ९३ ग्रॅम भरतो. व्यास थोडा वाढला तरी वजन झपाट्याने चढते, हे साचा करून घेताना ध्यानात असू द्या.

शिसे कुठले घ्यावे? जुन्या केबलचे आवरण, जुना शिशाचा पत्रा किंवा नळ, फाटक्या जाळ्यांचे मणी ही सगळ्यात चांगली. नखाने ओरखडा उठतो, कागदावर ओढले की करडी रेघ उमटते, आपटले की ठण्ण न वाजता बद्द आवाज येतो: हे मऊ शिसे. टायरच्या जुन्या वजनांत अँटिमनी नावाचे मूलद्रव्य थोडे असते, त्यामुळे ते जरा कडक होते. पागाच्या मण्यांना ते उलट चांगले, खडकावर चेपत नाहीत. पण हल्ली त्या वजनांत जस्ताची आणि लोखंडाचीही असतात. ती आधीच नखाने तपासून वेगळी काढा. एखादे सुटलेच तर ते वितळलेल्या शिशावर तरंगते. जस्त ४१९ अंशांना वितळते, म्हणून कढई ४०० च्या आत असेल तर ते अख्खेच झाऱ्याने उचलता येते. एकदा का ते विरघळले, की सगळा घाणा पेजेसारखा दाट होतो आणि साचा भरतच नाही. असा घाणा सुधारत बसू नका, भंगारात द्या.

गाडीची बॅटरी फोडून शिसे काढू नका. आत गंधकाम्ल असते, आणि प्लेटांमधल्या आर्सेनिक-अँटिमनीची मळी पुढे ओली झाली तर जीवघेणे वायू सुटतात. बॅटरी विक्रेत्याकडे परत द्यायची वस्तू आहे.

समुद्रातून आलेले जुने मणी आधी गोड्या पाण्यात रात्रभर भिजवा, मीठ निघू द्या, दोरीचे तुकडे भोकातून ढकलून काढा. मग पत्र्यावर पसरून दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा. एवढे करूनही ते गार कढईतच भरायचे आणि कढईबरोबर तापू द्यायचे. वितळलेल्या शिशात वरून तुकडा टाकायचा नाही, मग तो कितीही कोरडा दिसो. घाणा वाढवायचा असेल तर कढई गार करून पुन्हा भरा. वेळ जातो, पण डोळे राहतात.

कढई बिडाची किंवा जाड पोलादाची घ्या, आणि ती परत स्वयंपाकघरात जाणार नाही. ॲल्युमिनियमचे भांडे आचेवर मऊ पडून बसते. पाच किलो शिसे कढईत जेमतेम अर्धा लिटर जागा घेते, म्हणून लोक लहान भांडे आणि डुगडुगती मांडणी करतात. वजन मात्र पाच किलोचेच असते. लोखंडी तिवई हवी. जांभ्याच्या चिऱ्यांवर कढई ठेवू नका, चिऱ्यात पाणी मुरलेले असते आणि तो तापून तडकू शकतो. सारवलेल्या जमिनीवर किंवा सिमेंटच्या कोब्यावरही शिसे सांडू नये, दोन्हींत ओल असते. खाली कोरडा लोखंडी पत्रा अंथरा. आचेसाठी मोठा गॅस बर्नर बरा, कारण आच कमी करता येते; करवंट्यांची आच एकदम चढते आणि उतरवता येत नाही. आग पसरली तर कोरडी वाळू जवळ हवी, पण ती पुळणीवरून, म्हणजे समुद्रकाठच्या वाळवंटातून, तशीच आणलेली नको. धुऊन, कढईत भाजून, झाकणाच्या डब्यात ठेवलेली हवी. पाण्याची बादली ओतण्याच्या जागेपासून लांब.

जागा उघड्यावर, झापांच्या छपराखाली नव्हे. सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, दुपारनंतर खारा वारा उलट दिशेने येतो. वारा पाठीवर किंवा कुशीवर येईल असे बसा, आणि वाऱ्याच्या पुढे घर, विहीर, अंगणातली मुले नाहीत ना ते पाहा. लहान मुले आणि गरोदर बाई त्या दिवशी आसपासही नकोत. शिसे शरीरात कितीही थोडे गेले तरी ते निर्धोक नाही. अंगात जाड सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, चामडी बूट, विजार बुटाच्या बाहेरून, चामडी मोजे, तोंडावर पारदर्शक ढाल, नाकावर एन९५ किंवा त्याहून चांगला मास्क. कपाळाला फडके घट्ट बांधा. घामाचा थेंब शिशाच्या पृष्ठभागावर पडला तर चरचरतो. तोच पळीबरोबर आत गेला तर उडवतो.

शिसे पातळ झाले की वाटाण्याएवढे मेण टाका. ज्योत उठेल, तोंड मागे ठेवा. लोखंडी पळीने तळापासून ढवळा. मेणामुळे वर साचलेले बरेचसे धातू परत खाली जाते आणि करडी भुकटी सुटी होते. ती मळी काढून झाकणाच्या डब्यात टाका. खरे विष वाफेपेक्षा या भुकटीत जास्त असते. पळी, झारा, ढवळायची सळई प्रत्येक वेळी आत घालण्यापूर्वी कढईच्या काठावर तापवा.

ओतण्याची आच ३५० ते ४०० अंश. थर्मामीटर नसेल तर खराट्याचा कडकडीत वाळलेला हीर क्षणभर टेकवा. सावकाश तांबूस झाला तर ठीक, टेकवताच काळा पडून धुरावला तर आच जास्त आहे. पृष्ठभागावर निळी-जांभळी झाक चढू लागली की बर्नर लगेच खाली करा.

साचा लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमचा दोन फाळ्यांचा करून घ्या, बिजागरी आणि लाकडी मुठींसह. भोकासाठी ४ मिलिमीटरची गुळगुळीत लोखंडी सळई, टोकाकडे किंचित निमुळती, नाहीतर ती मण्यातून निघत नाही. हवा जायला फाळ्यावर बारीक चरे हवेत, जेमतेम नखाला जाणवतील एवढे. खोल केले तर त्यांतून शिसे बाहेर येते. आतल्या बाजूला आणि सळईला मेणबत्तीची काजळी धरा, मणी सुटायला सोपे जाते. वाळूचा साचा पुळणीच्या वाळूत करू नका. प्लास्टर ऑफ पॅरिस वरून कोरडे दिसते आणि आत पाणी धरून असते, तेही टाळा.

एखादाच नमुना ओतायचा असेल तर समुद्रफेणाचा साचा सुंदर होतो. माकुलाचे हे हाड पुळणीवर सापडते, सोनारही त्यात ओतकाम करतात. करवतीने उभे दोन तुकडे करा, सपाट दगडावर घासून जुळवा, मधे नमुना दाबा, ओतायचे तोंड आणि हवेचे चरे कोरा, तारेने बांधा. पण आधी ते गोड्या पाण्यात भिजवून मीठ काढलेले आणि आठवडाभर उन्हात वाळवलेले हवे. एका ओतीतच आतला भाग करपतो.

ॲल्युमिनियमचा साचा कढईच्या बाजूला ठेवून तापवा. पहिले पाच-सहा मणी सुरकुतलेलेच निघतात, ते बाजूला ठेवा. धार एकसलग हवी. थांबून ओतले की मण्यात आडवी रेघ राहते आणि पुढे तिथेच तो तुटतो. साचा भरल्यावरही तोंडाशी थोडे जास्त ओता, कारण शिसे थिजताना आकसते आणि कमी पडलेले तिथूनच ओढून घेते. ते नसले तर मण्यात पोकळी राहते, वजन कमी भरते. तोंडाची चमक जाऊन ते मंद दिसले की चार-पाच सेकंद थांबा, सळई फिरवून काढा, साचा उघडा. मणी पाण्यात टाकून गार करू नका.

सुरकुत्या दिसल्या तर साचा किंवा शिसे गार आहे. वरून पांढुरकी खरखर आली तर दोन्हींपैकी काहीतरी जास्त तापले आहे. थोडे थांबून ओता, असे मणी टाकाऊ नसतात. कडेला पापुद्रा आला तर फाळे नीट मिटत नाहीत, बहुधा मधे शिशाचा कण अडकलेला असतो. बारीक भोके पडली तर काम थांबवा आणि साचा पुन्हा वाळवा, कारण ती बहुतेक वाफेची असतात.

भोकाच्या दोन्ही कडा मोठ्या ड्रिलच्या पात्याने हातानेच थोड्या मोडा. हे टाळले तर धारदार कड दोरी कापते आणि काठ मधूनच सुटतो. चुरा कागदावर धरा, फुंकू नका. पुळणीवरून गरवायला चौकोनी निमुळते, ८० ते १२० ग्रॅमचे वजन वाळूत रुतून राहते. कडी पितळी तारेची करा. लोखंडी तार खाऱ्या पाण्यात गंजून जाते. खडकाळ जागी गोल वजन घ्या आणि ते मुख्य तंगुसापेक्षा (गरीच्या नायलॉन दोरीपेक्षा) कमी ताकदीच्या तंगुसाच्या तुकड्यावर बांधा, म्हणजे अडकले तर फक्त वजन जाते. तंगुसावर चेपून बसवायचे बारीक छर्रे मात्र शिशाचे ओतूच नयेत. पाणपक्षी ते खडे समजून गिळतात आणि मरतात. याच कारणाने ब्रिटनने १९८७ मध्ये ०.०६ ते २८.३५ ग्रॅमच्या शिशाच्या वजनांवर बंदी घातली.

छर्रा दातांनी चेपणे आणि ओवताना मणी तोंडात धरणे, या दोन्ही सवयी आजच सोडा. काम झाल्यावर हात-तोंड साबणाने धुऊनच पाणी प्या. कपडे वेगळे धुवा, बूट घराबाहेर ठेवा, आणि मळीचा डबा भंगारवाल्याकडे जाईपर्यंत विहिरीपासून आणि माडांच्या आळ्यांपासून दूर, बंद ठेवा.