कडुलिंब बोडका करू नका: फांदी नेमकी कुठं कापायची

छाटलेल्या झाडाखाली उभं राहून वर पाहा. प्रत्येक काप खोडालगत किंवा एखाद्या बेचक्यापाशी असेल, तर ती छाटणी. फांदीच्या अधेमध्ये, कुऱ्हाड पोचली तिथं काप असेल आणि पुढं नुसता खुंट उरला असेल, तर ती तोड. मृग लागायच्या आधी मराठवाड्यात रस्त्यारस्त्याला बोडके कडुलिंब दिसतात, त्यांच्यावर बहुतेक वेळा हा दुसरा प्रकार झालेला असतो. "फुटंल की परत," असं म्हणतात. फुटतं खरं, पण ते फुटणं नीट समजून घ्यायला हवं.

झाडाचं अन्न पानात तयार होतं आणि उरलेलं लाकडात, मुळांत साठतं. सगळा पाला एकदम गेला की झाड साठ्यातून खातं आणि सालीखाली निजलेले डोळे एकाच वेळी फोडतं. खुंटाच्या टोकाशी पंधरा-वीस सरळसोट फुटवे येतात, हिरवेगार दिसतात. नैसर्गिक फांदीचं बूड खोडाच्या लाकडात वर्षानुवर्षं गुंफत गेलेलं असतं. हे फुटवे मात्र फक्त वरच्या थराला चिकटलेले असतात. त्याच काळात खाली खुंट कुजत जातो, कारण पुढं पानं नसल्यानं त्या टोकाला जखम बुजवायला काही मिळत नाही. चार-पाच वर्षांनी फुटवे जड होतात आणि वैशाखातल्या वावटळीत बुडातून निखळतात. घरावर पडू नये म्हणून बोडकं केलेलं झाड अशा रीतीनं आधीपेक्षा जास्त धोक्याचं होतं.

दुसरं नुकसान उन्हाचं. आतल्या फांद्यांची साल सावलीत वाढलेली असते. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर असताना ती अचानक उघडी पडली की पश्चिमेच्या बाजूनं करपते, तडकते, आणि त्या भेगांतून किडी व बुरशी आत शिरतात.

आता कापायचं कसं ते पाहू. फांदी खोडाला मिळते तिथं बुडाशी फुगीर कडं असतं, आणि वरच्या बेचक्यात सालीची काळपट, उंच सुरकुती. जखमेच्या कडेनं नवी साल आणणाऱ्या पेशी या कड्यात असतात. काप कड्याच्या लगेच बाहेर, सुरकुतीला धक्का न लावता घ्यायचा. "खोडाशी सपाट" कापलं की कडंच जातं आणि जखम खोडाची होते. खोडाला ढोली पडण्याचं ते एक मोठं कारण. तीन-चार इंच खुंट ठेवला तर तो वाळून कूज आत नेतो.

मनगटाएवढी किंवा जाड फांदी एका कापात कधीही उतरवू नका. तिच्या वजनानं खालची साल खोडापर्यंत सोलत जाते. पहिला काप खोडापासून साधारण एक फुटावर, खालून वर, जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत. दुसरा काप त्याच्या दोन-तीन इंच पुढं, वरून खाली. फांदी इथं तुटून पडते आणि साल पहिल्या कापाशी थांबते. मग उरलेला हलका खुंट एका हातानं धरून तिसरा काप कड्याच्या बाहेर. जाड फांदी असेल तर वरच्या बेचक्यातून दोर घेऊन आधी बांधून ठेवा. कामाला धारदार वाकडी करवत आणि बोटाएवढ्या डहाळ्यांना सिकेटर (छाटणीची कात्री) लागतं. कोयत्यानं, कुऱ्हाडीनं काप फाटका येतो आणि फाटकी जखम बुजत नाही.

लांबलेली फांदी आखूड करायची असेल तर ती अशा उपफांदीपाशी कापा, जिची जाडी कापल्या जाणाऱ्या फांदीच्या निदान एक तृतीयांश आहे. तेवढी जाड उपफांदी पुढचा शेंडा होऊ शकते; काडीएवढी असेल तर तो खुंटच समजा. आतल्या सगळ्या डहाळ्या काढून टोकांना झुपके ठेवायची पद्धतही वाईट: वजन टोकाला जातं आणि फांदी वाऱ्यात मोडते.

किती कापायचं? आधी वाळलेलं, रोगट, मोडकं, एकमेकांवर घासणारं. एवढ्यानंच निम्मं काम होतं. हिरवा पाला एका वर्षात चौथ्या हिश्शापेक्षा जास्त काढू नये, म्हाताऱ्या झाडाचा त्याहून बराच कमी. दोन इंचांपर्यंतचा काप निरोगी झाड काही वर्षांत बुजवतं. चार इंचांपुढं आतलं पक्कं लाकूड उघडं पडतं आणि कूज जवळपास ठरलेली. म्हणून झाड लहान असतानाच वळण लावलेलं बरं.

वेळ? कडुलिंबाला माघ, नवी पालवी फुटायच्या आधी. केशर आंब्याला फळं उतरवल्यावर लगेच, म्हणजे फुटलेली काडी मोहरापर्यंत पक्व होते. मोसंबीची सल (वाळलेल्या काड्या) आणि पाणसोट (सरळसोट वाढणारे जोमदार फुटवे) फळं तोडल्यानंतर काढा. पाणसोट अन्न ओढतात, फळं मात्र देत नाहीत. मोसंबीला डिंक्याची (सालीतून डिंक वाहणाऱ्या रोगाची) भीती असते, म्हणून कापांवर बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी, दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळं भिजवून मग एकत्र. लोखंडी सुरी बुडवून पाहा; तांबूस थर चढला तर चुना वाढवा. कडुलिंब, चिंच, वड यांच्या कापांवर मात्र ऑइलपेंट किंवा डांबर फासण्यानं कूज थांबत नाही. उलट ओल आत अडकते.

झाड बोडकं केलं तरी चालतं, हा गैरसमज कुठून येतो तेही सांगायला हवं. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीसारख्या द्राक्षगावांत एप्रिलची खरड छाटणी, म्हणजे वेलीच्या काड्या अगदी आखूड कापणं, सगळ्यांनी पाहिलेली असते. बोरीलाही दर उन्हाळ्यात जोरकस छाटतात. पण बोर नव्या फुटीवर फळतं आणि उन्हाळ्यात विश्रांतीत असतं. द्राक्षवेल मांडवावर असते, तिला पन्नास फुटांचा घेर तोलायचा नसतो. तो नियम सावलीच्या झाडाला लागू पडत नाही.

विजेच्या तारांजवळ स्वतः चढू नका. महावितरणला सांगून वीज बंद झाल्यावरच काम करा. तारेकडं वळलेली फांदी बेचक्यापर्यंत काढायची, शेंडा कापायचा नाही. नागरी भागात महाराष्ट्राच्या १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार झाडाला इजा करणंही तोडीत धरलं जातं, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष मानलं जातं. म्हणून आधी नगरपालिकेत अर्ज द्या. फांदीवर घरटं असेल तर पिल्लं उडेपर्यंत थांबा.

झाड आधीच बोडकं झालं असेल तर पहिलं वर्षभर एकही फुटवा काढू नका, त्याला पानं हवीत. खोडाच्या उघड्या पश्चिम बाजूला चुन्याचा हात द्या आणि उन्हाळ्यात खोडापासून लांब, घेराच्या कडेला पाणी सोडा. पुढच्या माघात प्रत्येक खुंटावरचे दोन-तीन जोमदार, एकमेकांपासून दूर असलेले फुटवे निवडा. बाकीच्यांपैकी तिसरा हिस्सा त्या वर्षी, तिसरा पुढच्या, उरलेला त्याच्या पुढच्या वर्षी काढा. खुंट ठोकून पाहा: पोकळ आवाज आला तर त्यावरचे फुटवे वाढवू नका, खुंटच खालच्या टणक बेचक्यापर्यंत उतरवा.