सातबाऱ्यावरील नाव म्हणजे मालकी नव्हे : जमीन आणि घराच्या हक्कांबाबत या चुका टाळा

सातबाऱ्यावर नाव लागले की जमीन आपली झाली आणि ते निघाले की हक्क बुडाला, हा समज महाराष्ट्रात खोलवर रुजलेला आहे आणि जमिनीच्या अनेक वादांचे मूळ त्यातच सापडते. सातबारा हा महसुली अभिलेख आहे. शेतसारा कोणाकडून घ्यायचा, जमीन कोणाच्या वहिवाटीत आहे आणि तीत कोणते पीक घेतले जाते, याची माहिती शासनाकडे राहावी म्हणून तो ठेवला जातो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार त्यातील नोंद विरुद्ध बाब सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, एवढेच तिचे बळ. मालकी मिळते ती खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणी, मृत्युपत्र किंवा वारसा यांतून. केवळ फेरफाराने, म्हणजे अभिलेखातील नावबदलाच्या नोंदीने, ती मिळतही नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार स्पष्ट केले आहे.

म्हणून जमीन घेताना फक्त चालू सातबारा पाहून इसार देणे ही पहिली चूक होय. विकणाऱ्याचे नाव त्या उताऱ्यावर ज्या फेरफाराने आले, तो फेरफार आणि त्यामागचा मूळ दस्त मागून घ्यावा, जुने फेरफार क्रमाने वाचावेत आणि दस्तांची नोंदणी होते त्या दुय्यम निबंधक कार्यालयात किमान तीस वर्षांचा शोध घ्यावा. ‘इतर हक्क’ या रकान्याकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. बँकेचा बोजा, कुळाचा हक्क किंवा विहिरीतील हिस्सा तेथेच दिसतो. जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे परवानगीशिवाय हस्तांतर न करता येणारी, असेल, तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी मिळण्यापूर्वी पैसे गुंतवू नयेत.

सर्वाधिक नुकसान मात्र घरातल्या घरात होते. वडील वारल्यानंतर बहिणींकडून साध्या मुद्रांकावर किंवा प्रतिज्ञापत्रावर ‘आम्हांला हिस्सा नको’ असे लिहून घेतले जाते, ते तलाठी कार्यालयात दिले जाते आणि त्यांची नावे कमी होतात. येथे दोन्ही बाजूंची फसगत होते, आणि त्यामागे बहुधा लबाडीपेक्षा अज्ञानच अधिक असते. नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम १७ प्रमाणे शंभर रुपये किंवा त्याहून अधिक मूल्याच्या स्थावर मिळकतीतील हक्क सोडणारा दस्त नोंदवलेलाच असावा लागतो. तसे नसेल, तर बहिणीचा हिस्सा कायद्याने कायम राहतो. तिला वाटते की आपण सारे गमावले, आणि भाऊ त्याच जमिनीवर कर्ज काढून घर बांधत असतो. मृत्युपत्र नसल्यास वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत विधवा, मुलगे, मुली आणि हयात असलेली आजी (वडिलांची आई) यांचा हिंदू वारसा कायदा, १९५६ नुसार सारखा हिस्सा असतो. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः हक्क मिळाला, आणि त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असण्याची गरज नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात २०२० मध्ये दिला.

भावाने अशा वेळी बहिणींची खरी संमती असेल तरच रीतसर हक्कसोडपत्र नोंदवून घ्यावे. ज्या बहिणीचे नाव वगळले जात आहे, तिने फेरफाराची नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत घ्यावी, म्हणजे प्रकरण तक्रारी (वादग्रस्त) नोंदीत जाते. नोंद मंजूर झालीच, तर साठ दिवसांत प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येते. तरीही हिस्सा नाकारला गेला, तर त्याचा अंतिम निवाडा दिवाणी न्यायालयातील वाटणीच्या दाव्यातच होईल. महसुली कार्यालयात वर्षानुवर्षे खेपा घालून तो होणार नाही. भाऊ बारा वर्षे एकटाच जमीन कसतो, म्हणून ती त्याची होते, ही समजूतही चुकीची आहे. एका सहहिस्सेदाराचा ताबा सर्वांच्या वतीने असल्याचे कायदा मानतो. इतरांचा हक्क उघडपणे नाकारून त्यांना वगळल्याचे सिद्ध केल्याशिवाय प्रतिकूल कब्जाची, म्हणजे दीर्घ विरोधी ताब्याने हक्क मिळण्याची, मुदत सुरूच होत नाही.

साठेखत आणि खरेदीखत यांतील फरकही ध्यानात असावा. साठेखत हा पुढे विक्री करण्याचा करार आहे, मालकी खरेदीखतानेच येते. विकणारा टाळाटाळ करू लागला, तर करारपूर्तीच्या दाव्यासाठी तीन वर्षांचीच मुदत असते. ती करारात ठरलेल्या तारखेपासून, आणि तारीख ठरलेली नसल्यास नकार कळल्यापासून मोजतात; तेव्हा तोंडी आश्वासनांवर विसंबू नये. कुलमुखत्यारपत्रावर (दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करण्याच्या अधिकारपत्रावर) झालेल्या ‘विक्री’ने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सुरज लॅम्प प्रकरणात ठरवले आहे. सही झालेले खरेदीखत चार महिन्यांत नोंदणीसाठी सादर करावे लागते. अपरिहार्य कारणाने उशीर झाल्यास दंड भरून आणखी चार महिन्यांपर्यंत सवलत मिळू शकते.

गृहनिर्माण संस्थेतील सदनिकेबाबत नामनिर्देशनाला (नॉमिनेशनला) मृत्युपत्राचे स्थान देणे ही तितकीच महागात पडणारी चूक आहे. नामनिर्देशित व्यक्ती वारसांच्या वतीने मिळकत सांभाळते, आणि महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार कायदेशीर वारस सभासद होईपर्यंत तिला तात्पुरते सभासदत्व मिळते. सदनिका विशिष्ट व्यक्तीलाच जावी अशी इच्छा असेल, तर दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करावे. त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही आणि नोंदणी सक्तीची नाही, मात्र ज्याला लाभ द्यायचा आहे त्याला किंवा त्याच्या पती अथवा पत्नीला साक्षीदार करू नये.