शाळेच्या हॉलमधला घुमणारा आवाज

आमच्या शाळेचा हॉल म्हणजे एका टोकाला रंगमंच, वर पत्रा, खाली शहाबादी फरशी. स्नेहसंमेलनात मागच्या पालकांना एक वाक्य धड कळत नसे. आवाज वाढवला की माईक शिट्टी मारायचा.

सगळ्यांना मोठा अ‍ॅम्प्लिफायर हवा होता. मी आधी स्पीकर माईकच्या पुढे आणले, प्रेक्षकांकडे खाली झुकवले. त्यांचा आवाज परत माईकमध्ये शिरेनासा झाला आणि शिट्टी थांबली. मग तिथून १७ मीटरवर दोन छोटे स्पीकर लावले, पण शब्द दोनदा ऐकू यायला लागले. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे पुढच्या स्पीकरचा आवाज १७ मीटरवर सुमारे ५० मिलिसेकंद (सेकंदाचा विसावा भाग) उशिरा पोचतो. म्हणून छोट्यांना मिक्सरवरून (आवाज जुळवायच्या यंत्रावरून) तेवढाच उशीर दिला, वर आणखी १०, म्हणजे पुढचा आवाज कानावर आधी पडतो. त्यामुळे आवाज रंगमंचावरूनच आल्यासारखा वाटतो. मागच्या भिंतीला जाड पडदे लावले.

यंदा शेवटच्या रांगेतल्या आजींना नातीची कविता पूर्ण ऐकू आली!