पॅरिस नाही, आल्बी: फ्रान्समधल्या छोट्या जुन्या शहरात बिऱ्हाड कसं थाटायचं

फ्रान्सला चाललो म्हटलं की नातेवाईक आधी आयफेल टॉवरचंच विचारतात, पण तुलूझला विमानं बनवणारी एअरबस आहे आणि तिथल्या नोकरीमुळे माझ्यासारखा एखादा 75 किमी लांब आल्बीला पण येऊन टेकतो. साधारण 50 हजार वस्तीचं गाव, तार्न नदी, सगळीकडे लाल विटा, आणि मधोमध 1282 साली बांधायला घेतलेलं सेंत सेसील कॅथेड्रल, जे बघून पहिल्यांदा तोंडातून "अरे हा तर किल्ला" असंच निघतं. 2010 पासून हा सगळा जुना भाग युनेस्कोच्या यादीत आहे. दिसायला एक नंबर, पण इथे बस्तान बसवायचं तर कागद कुठल्या क्रमाने गोळा करायचे ते आधी समजून घ्या, कारण प्रत्येक ऑफिसला त्याच्या आधीच्या ऑफिसचा कागद लागतो.

1. निघायच्या आधी जन्मदाखला काढा. व्हिसाचा फॉर्म ऑनलाईन भरायचा आणि मुंबई किंवा पुण्याच्या सेंटरला जाऊन बोटांचे ठसे द्यायचे, ते काम कंपनी समजावून देते, पण जन्मदाखल्याचं कोणी सांगत नाही. त्यावर आईवडिलांची नावं हवीत आणि अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मारतात तो सरकारी शिक्का, भारतातच करून घ्या. जुना दाखला नुसता मराठीत असेल तर महापालिकेतून मराठी-इंग्रजी दोन्ही असलेला नवा काढा, कारण फ्रेंच भाषांतर कोर्टाच्या यादीतल्या शपथ घेतलेल्या भाषांतरकाराकडूनच लागतं आणि मराठी येणारा शोधत बसाल तर दिवाळी उजाडेल.

2. पोचल्यावर 3 महिन्यांच्या आत लाँग स्टे व्हिसा ऑनलाईन व्हॅलिडेट करायचा, फी भरून. विसरलात तर कायदेशीर राहणंच अडचणीत येतं, म्हणून पहिल्या आठवड्यातच उरकून टाका.

3. घर. इथे खरी कसोटी आहे. घरमालक तुमच्याकडे नाही, तुमच्या दोसिएकडे बघतो, म्हणजे कागदांची फाईल: नोकरीचा करार, शेवटच्या 3 पगारपावत्या, पासपोर्ट, आणि साधारण भाड्याच्या तिप्पट पगार. वर एक गारां म्हणजे जामीनदार मागतात, तो बहुतेक घरमालकांना फ्रान्समधलाच हवा असतो, आता आपण कुठून आणणार? तर विझाल नावाची फुकट हमी आहे, अटींत बसत असाल तर तिचं सर्टिफिकेट घर बघायला जायच्या आधीच काढून ठेवा. डिपॉझिट रिकाम्या घराला जास्तीत जास्त 1 महिन्याचं आणि फर्निश्ड घराला 2 महिन्यांचं. रिकामं म्हणजे अगदी रिकामं हं, कधीकधी शेगडीसुद्धा नसते, म्हणून पहिलं वर्ष फर्निश्डच घ्या, सोडायला पण 1 महिन्याची नोटीस पुरते.

जुन्या गावात घर बघताना लाकडी तुळया आणि खिडकीतून दिसणारं कॅथेड्रल बघून हुरळून जाऊ नका, आधी जाहिरातीतलं डीपीईचं अक्षर बघा. ए ते जी अशी वीज-हीटिंगच्या खर्चाची ती ग्रेड असते, आणि 1 जानेवारी 2025 पासून जी ग्रेडचं घर नव्याने भाड्याने देता येत नाही. एफ ग्रेडच्या जुन्या घरात थंडीतलं हीटिंगचं बिल बघून घाम फुटेल. उन्हाळा इथला कडक असतो, पण एसीचं बाहेरचं युनिट जुन्या भागात आपल्या मर्जीने भिंतीला लावता येत नाही, वारसा सांभाळणाऱ्या सरकारी आर्किटेक्टचं मत घ्यावं लागतं. त्यामुळे लाकडी शटर शाबूत आहेत ना ते बघा, दिवसा बंद आणि रात्री उघडी ठेवायची, आमच्या आजीची वाड्यातली पद्धत हीच होती.

चावी घेताना भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा यादीत लिहून घ्या. घराचा विमा सक्तीचा आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टपालपेटीवर स्वतःचं नाव चिकटवा! मी नाही चिकटवलं आणि माझं बँकेचं कार्ड परत गेलं, चूक माझीच.

4. घराचा करार आणि वीजबिल हातात आलं की बँक खातं, खात्याचा रिब नावाचा कागद मिळाला की पगार, आणि मग आरोग्य विम्याच्या ऑफिसात अर्ज. तिथे तो जन्मदाखला लागतो. आधी तात्पुरता नंबर मिळतो, हिरवं कार्त व्हिताल, म्हणजे आरोग्य विम्याचं कार्ड, यायला महिने जातात, तोवर डॉक्टरची प्रत्येक पावती जपून ठेवा. एक डॉक्टर आपला ठरलेला म्हणून नोंदवायचा, मग फीचे साधारण 70 टक्के परत येतात, उरलेलं कंपनीच्या पूरक विम्यातून.

5. रोजचं जगणं. दुकानात शिरताना आधी बोंझूर, मग काम. हे न म्हणता थेट "एक्स्क्यूज मी" केलंत तर उद्धट ठरता, समोरचा इंग्रजी येत असूनही गप्प बसेल. दुपारी 12 ते 2 बरीच दुकानं बंद, रविवारी तर सामसूम. पुण्याच्या माणसाला यात नवीन काही नाही म्हणा.

मसूरडाळ लान्ती कोराय नावाने सुपरमार्केटमधे मिळते. लसणाची काळजीच नको, लोत्रेकचा गुलाबी लसूण याच जिल्ह्यातला, ठेचा झकास होतो, फक्त सुक्या तिखट मिरच्या बॅगेतून आणा. तूप आणि पेढे मात्र आणू नका, युरोपबाहेरून दुधाचे पदार्थ बॅगेतून आणायला बंदी आहे. तूप इथेच कढवायचं, पण लोणी घेताना पाकिटावर दू, म्हणजे बिनमिठाचं, लिहिलंय ना ते बघा, मी पहिल्यांदा देमी-सेल, म्हणजे खारवलेलं, उचललं आणि तूप तर राहू द्या, बेरीसुद्धा खारट लागली.