परदेशातील अमेरिकी लष्करी तळावर कुटुंबासह राहायला जाताना

परदेशातील तळावर बदली झाली की बहुतेक घरांत आधी विचार सुरू होतो तो खोक्यांचा आणि पॅकिंगचा. प्रत्यक्षात सामान बांधणे हे या स्थलांतरातील सर्वांत उशिरा येणारे आणि त्यातल्या त्यात सोपे काम आहे. जर्मनीतील रामस्टाइन असो, जपानमधील योकोसुका असो किंवा दक्षिण कोरियातील कॅम्प हम्फ्रीज, अमेरिकी सैन्यातील कुटुंबांचे घोडे अडते ते कागदपत्रांवर. वैद्यकीय छाननी, पासपोर्ट आणि घरात कुत्रा किंवा मांजर असल्यास त्याच्या रक्ताची तपासणी ही कामे पैसे मोजूनही लवकर होत नाहीत. म्हणून ज्या कामांची गती आपल्या हातात नाही ती आधी सुरू करावीत आणि उरलेली त्यांच्या मागून घ्यावीत, या क्रमानेच पुढील माहिती दिली आहे.

सर्वांत आधी समजून घ्यायची गोष्ट म्हणजे कमांड स्पॉन्सरशिप. सैनिकाच्या बदलीचा आदेश निघाला म्हणून कुटुंबाला आपोआप सोबत जाण्याची परवानगी मिळत नाही. तिथल्या कमांडने, म्हणजे लष्करी नेतृत्वाने, कुटुंबीयांना अधिकृतपणे स्वीकारावे लागते आणि त्यांची नावे आदेशात यावी लागतात. सरकारी खर्चाने प्रवास, कुटुंबाच्या दराने मिळणारे भत्ते, तळावरील शाळेत विनाशुल्क प्रवेश आणि ट्रायकेअर ओव्हरसीज प्राइम ही आरोग्ययोजना या सगळ्यांचा पाया ही मान्यता आहे. ती नसताना स्वतःच्या खर्चाने कुटुंबाला नेता येते, पण मग शाळेत जागा शिल्लक असेल तरच प्रवेश मिळतो आणि दवाखान्यातही तीच स्थिती असते. लहान मुले असलेल्या कुटुंबाने ही जोखीम घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जर्मनी, इटली, जपान यांसारख्या ठिकाणी कुटुंबासह नेमणूक सहसा ३६ महिन्यांची आणि एकट्याची २४ महिन्यांची असते, त्यामुळे कुटुंबाला न्यायचे की नाही हा निर्णय सेवेच्या कालावधीवरही परिणाम करतो. कुटुंबाला सैनिकासोबतच प्रवासाची परवानगी आहे की तिथे घर मिळाल्यानंतर मागून यायचे आहे, हेही आदेशात वाचून घ्यावे. अमेरिकेतील घराची भाडेनोटीस आणि मुलांच्या शाळेतील शेवटचा दिवस यांच्या तारखा त्या एका ओळीवर ठरतात.

मान्यतेच्या आधीची पायरी म्हणजे वैद्यकीय आणि शैक्षणिक छाननी. कुटुंबातील प्रत्येकाचे आरोग्य, दात आणि मुलांच्या विशेष शैक्षणिक गरजा तपासून त्या तळावर त्यांची सोय होईल का, हे ठरवले जाते. दमा, मधुमेह, वाचादोष, स्वमग्नता अशी दीर्घकालीन गरज असल्यास एक्सेप्शनल फॅमिली मेंबर प्रोग्रॅममध्ये नोंदणी बंधनकारक आहे. बदली रद्द होईल या भीतीने काही पालक एखादा आजार नोंदवण्याचे टाळतात. तसे अजिबात करू नये. जर्मनीतील लँडस्टूलसारखे मोठे लष्करी रुग्णालय जवळ असणे वेगळे आणि एखाद्या लहान तळावर केवळ प्राथमिक दवाखाना असणे वेगळे. ज्या मुलाला दर आठवड्याला उपचारतज्ज्ञाची गरज आहे, त्याला तो तज्ज्ञच नसलेल्या गावात नेले तर हाल त्या मुलाचे होतात, आणि पुष्कळदा कुटुंबाला मुदतीआधी परतावे लागते. औषधांची यादीही याच वेळी डॉक्टरांपुढे ठेवावी. उदाहरणार्थ, ॲडरॉलसारखी ॲम्फेटामीनयुक्त औषधे जपानमध्ये आणण्यास तेथील कायद्याने बंदी आहे, आणि ती टपालाने मागवणे हाही गुन्हा ठरतो. उपचारात बदल करायचा असल्यास तो निघण्याच्या आठवड्यात नव्हे, तर काही महिने आधी व्हायला हवा.

छाननी चालू असतानाच पासपोर्टचे अर्ज भरावेत. अमेरिकी नागरिक असलेल्या कुटुंबीयांना सरकारी कामासाठीचा, शुल्क न आकारता दिला जाणारा नो-फी पासपोर्ट लागतो. तो बदलीच्या प्रवासासाठी असतो. सुट्टीत शेजारच्या देशांत फिरण्यासाठी नेहमीचा पासपोर्ट वेगळा काढावा लागतो आणि दोन्हींचे अर्ज एकाच सुमारास करणे सोयीचे असते. यजमान देशात कुटुंबाचा कायदेशीर दर्जा ठरतो तो सैन्याच्या वास्तव्याविषयीच्या करारानुसार. नाटो देशांसाठी हा करार १९५१ सालचा आहे, जपानसोबतचा १९६० सालचा आणि दक्षिण कोरियासोबतचा १९६६ सालचा. या दर्जाचा शिक्का किंवा प्रमाणपत्र पासपोर्टसोबत कायम असू द्यावे, कारण सीमेवरील अधिकारी पर्यटकाला लागू होणारे दिवस मोजू लागला, तर दाखवायला हाच पुरावा असतो.

जोडीदार अमेरिकी नागरिक नसेल, त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड असेल, तर या टप्प्यावर अधिक काळजी घ्यावी लागते. त्याला नो-फी पासपोर्ट मिळत नाही; स्वतःच्या पासपोर्टवरच जावे लागते आणि त्या देशाचा व्हिसा लागतो का, हे त्या देशाच्या दूतावासाकडून लेखी विचारून घ्यावे. मात्र याच प्रसंगात एक मोठी संधीही आहे. अमेरिकेच्या स्थलांतर आणि नागरिकत्व कायद्याच्या कलम ३१९ मधील 'बी' उपकलमानुसार, परदेशी नेमणूक झालेल्या अमेरिकी नागरिकाच्या ग्रीन कार्डधारक जोडीदाराला ठरावीक वर्षे अमेरिकेत राहण्याची अट न पाळता नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. त्याच कलमातील 'ई' उपकलमानुसार, आदेशाप्रमाणे सैनिकासोबत परदेशात राहिलेला काळ अमेरिकेतील वास्तव्य म्हणून धरला जातो आणि नागरिकत्वाची प्रक्रिया परदेशातच पूर्ण होऊ शकते. म्हणूनच आदेशात जोडीदाराचे नाव पासपोर्टवर आहे तसेच, माहेर-सासरच्या आडनावाचा घोळ न ठेवता, अचूक लिहिलेले आहे का, हे स्वतः पाहावे. भारतात दुहेरी नागरिकत्व मान्य नसल्यामुळे नागरिकत्व मिळाल्यावर भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो; हवे असल्यास ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड घेता येते. तळाच्या कायदेविषयक साहाय्य कार्यालयात यासाठी विनामूल्य सल्ला मिळतो. तिथेच मुखत्यारपत्रही करून घ्यावे, कारण सामान ताब्यात घेणे, गाडी सोडवणे किंवा घराच्या करारावर सही करणे ही कामे बहुधा जोडीदारालाच सैनिकाच्या गैरहजेरीत करावी लागतात.

पाळीव प्राणी असेल तर दिनदर्शिका घेऊन बसावे. जपानसाठी आधी मायक्रोचिप, त्यानंतर किमान ३० दिवसांच्या अंतराने रेबीजच्या दोन लसी, मग रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी आणि रक्त घेतल्याच्या दिवसापासून १८० दिवसांची प्रतीक्षा असा क्रम आहे. शिवाय पोहोचण्याच्या किमान ४० दिवस आधी तेथील प्राणी विलगीकरण विभागाला कळवावे लागते. प्रतीक्षा पुरी झालेली नसेल तर उरलेले दिवस प्राण्याला विलगीकरणात काढावे लागतात. चिप बसवण्याआधी दिलेली लस या हिशेबात धरली जात नाही. जर्मनीचे नियम त्या मानाने सौम्य आहेत: चिप, त्यानंतर लस, लसीनंतर २१ दिवस आणि प्रवासाच्या अगदी आधी काढलेले आरोग्य प्रमाणपत्र एवढ्यावर भागते; मात्र पिट बुल, बुल टेरियर अशा काही जातींच्या कुत्र्यांना देशात प्रवेशच नाही. १ जानेवारी २०२४ पासून परदेशी बदलीत एका कुत्र्याच्या किंवा मांजराच्या प्रवासखर्चापैकी २,००० डॉलरपर्यंतची रक्कम परत मिळते. सरकारी पेट्रियट एक्सप्रेस विमानांत प्राण्यांसाठी मोजक्याच जागा असतात, म्हणून आदेश हाती पडताच प्रवास कार्यालयात प्राण्याचे आणि पिंजऱ्याचे वजन लिहून नोंदणी करावी.

आता सामानाकडे वळू. त्याचे तीन भाग होतात आणि ते घरातच तीन ठिकाणी मांडून ठेवले तर पॅकिंगच्या दिवशी गोंधळ होत नाही. पहिला भाग लवकर पोहोचणाऱ्या थोड्या सामानाचा. त्यात काही भांडी, अंथरूण-पांघरूण, मुलांचे कपडे आणि खेळणी द्यावीत. दुसरा भाग जहाजाने जाणाऱ्या मुख्य सामानाचा, जे पोहोचायला दोन-तीन महिने सहज लागू शकतात. तिसरा भाग अमेरिकेत सरकारी खर्चाने गोदामात राहणाऱ्या वस्तूंचा. वजनाची मर्यादा हुद्द्यावर अवलंबून असते. कुटुंब असलेल्या ई-५ (सार्जंटच्या पातळीच्या) हुद्द्याला ९,००० पौंड, तर सर्वांत वरच्या हुद्द्यांना १८,००० पौंड. जिथे सरकार फर्निचर पुरवते, तिथे यापेक्षा बरेच कमी वजन नेता येते. व्यवसायाची पुस्तके आणि साधने वेगळी मोजली जातात, सैनिकाची २,००० पौंडांपर्यंत आणि जोडीदाराची ५०० पौंडांपर्यंत, पण त्यासाठी ती यादीत वेगळी दाखवावी लागतात. विजेवर चालणाऱ्या वस्तू निवडताना जर्मनीत २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, कोरियात २२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ असतात, हे लक्षात ठेवावे. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. त्यामुळे अमेरिकेपेक्षा हर्ट्झ वेगळे असलेल्या जर्मनीसारख्या देशात मोटरवर चालणारी कित्येक उपकरणे नीट चालत नाहीत आणि ती गोदामात ठेवणेच शहाणपणाचे ठरते.

पॅकिंगच्या दिवशी कामगार इतक्या झपाट्याने काम करतात, की समोर दिसेल ती वस्तू कागदात गुंडाळून खोक्यात जाते. म्हणून पासपोर्ट, आदेशाच्या प्रती, मूळ जन्मदाखले, विवाह प्रमाणपत्र, लसीकरणाच्या नोंदी, शाळेचे दाखले, औषधे आणि दागिने आदल्या रात्रीच एका बॅगेत भरून गाडीच्या डिकीत कुलूपबंद ठेवावेत. एखाद्या खोलीच्या दारावर 'यातील काही बांधू नये' अशी चिठ्ठी लावण्यापेक्षा हे खात्रीचे. प्रत्येक खोक्याला क्रमांकाची चिकटपट्टी लागते आणि यादीत त्या क्रमांकापुढे वस्तूची स्थिती लिहिली जाते. चांगल्या टेबलापुढे 'ओरखडे, झिजलेले' असे लिहिले असेल, तर सही करण्यापूर्वी यादीच्या तळाशी आपली हरकत लिहावी. पुढे मोडतोड झाल्यास भरपाईचा निर्णय याच कागदावरून होतो.

गाडीचा प्रश्न देशानुसार बदलतो. जर्मनीला एक गाडी सरकारी खर्चाने पाठवता येते. त्यासाठी तिचे सुरक्षाविषयक रिकॉल, म्हणजे दोष आढळल्याने कंपनीने जाहीर केलेल्या दुरुस्त्या, पूर्ण झालेले असावे लागतात, टाकीत इंधन पाव भागापेक्षा जास्त चालत नाही आणि कर्ज बाकी असल्यास बँकेचे संमतिपत्र लागते. जपानला सहसा गाडी पाठवता येत नाही, म्हणून तिथे जुनी गाडी विकत घेण्याचा प्रघात आहे. घेताना शाकेन या सक्तीच्या तपासणीची मुदत किती उरली आहे ते पाहावे, कारण तिच्या नूतनीकरणाचा खर्च गाडीच्या किमतीच्या मानाने लहान नसतो. दोन्ही देशांत सैन्याकडून चालकपरवाना घ्यावा लागतो आणि त्याच्या लेखी परीक्षेचा अभ्यास निघण्याआधीच करता येतो.

पोहोचल्यावर घर मिळेपर्यंतच्या हॉटेलखर्चासाठी टेंपररी लॉजिंग अलाउन्स मिळतो, सामान्यतः ६० दिवसांपर्यंत. मात्र तो चालू ठेवण्यासाठी घराचा शोध चालू असल्याचे दाखवावे लागते आणि पावत्या जपाव्या लागतात. तळाबाहेर घर घेतल्यास ओव्हरसीज हाउसिंग अलाउन्स लागू होतो. अमेरिकेतील भत्त्यात भाडे कमी असले तर उरलेले पैसे आपल्याकडे राहतात. इथे कमाल मर्यादेच्या आत प्रत्यक्ष भाड्याइतकीच रक्कम मिळते, म्हणून स्वस्त घर शोधून पैसे वाचवण्याचा हिशेब लागू पडत नाही. जर्मनीत भाड्याची घरे पुष्कळदा स्वयंपाकघरातील कपाटे, ओटा, एवढेच नव्हे तर दिवेही नसलेल्या स्थितीत मिळतात आणि अनामत रक्कम तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत मागितली जाऊ शकते. करारावर सही करण्याआधी तो तळाच्या गृहनिर्माण कार्यालयात तपासून घ्यावा आणि अचानक बदली झाल्यास करार मोडता येईल असे कलम त्यात आहे याची खात्री करावी.

मुलांसाठी बहुतेक मोठ्या तळांवर संरक्षण खात्याच्या शाळा आहेत. त्यांच्या बालवर्गात प्रवेशासाठी १ सप्टेंबरपर्यंत पाच वर्षे पूर्ण असावी लागतात. जिथे अशी शाळा नाही, तिथे स्थानिक किंवा आंतरराष्ट्रीय शाळेचा खर्च खात्याच्या वेगळ्या योजनेतून मिळतो, पण मंजुरी प्रवेशाआधी घ्यायची असते. लहान मुले सहसा रुळतात. नववीच्या पुढच्या मुलांचे मित्र आणि विषयनिवड एकदम तुटते, तेव्हा त्यांना निर्णय सांगून मोकळे होऊ नये, तर शाळेची विषयसूची त्यांच्यासमोर ठेवून निवड त्यांना करू द्यावी. नव्याने येणाऱ्यांच्या मदतीसाठी तळावर नेमून दिलेल्या स्पॉन्सर कुटुंबात समवयस्क मूल असेल तर निघण्याआधीच दोघांचे बोलणे करून द्यावे. नोकरी करणाऱ्या जोडीदारानेही अमेरिकेतील काम घरून चालू ठेवण्यापूर्वी, किंवा तळावरील घरातून शिकवणी वा विक्री सुरू करण्यापूर्वी, लेखी परवानगी आणि त्या देशाच्या कराबाबत सल्ला घ्यावा.

पहिल्या आठवड्यात ट्रायकेअरची नोंदणी नव्या विभागात करून घ्यावी आणि आपत्कालीन क्रमांक मुलांना पाठ करून द्यावेत: जर्मनीत ११२; जपानमध्ये पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिका व अग्निशमनासाठी ११९; तळावरील क्रमांक निराळा असतो, तोही सोबत लिहावा. मुख्य सामान येईल तेव्हा यादी हातात घेऊन दारात उभे राहावे, आत येणाऱ्या प्रत्येक खोक्याचा क्रमांक खोडावा आणि न आलेल्या क्रमांकांची नोंद कामगार जाण्यापूर्वी त्यांच्या कागदावर करवून घ्यावी. खोकी उघडल्यावर आढळलेले नुकसान सामान मिळाल्यापासून १८० दिवसांच्या आत कंपनीला कळवावे आणि पूर्ण बदली मूल्याने, म्हणजे तशीच नवी वस्तू घेण्याच्या किमतीने, भरपाई हवी असल्यास नऊ महिन्यांच्या आत दावा दाखल करावा. हिवाळ्याचे कपडे किंवा सणासुदीची भांडी असलेली खोकी वर्षभर बंद राहतात आणि मुदत टळल्यावर त्यातील फुटतूट लक्षात येते, म्हणून तीही याच काळात उघडून पाहावीत.