गाडीच्या मॉडेलवर घर्षण उणे आलं? या चुका टाळा

विंड टनेलमध्ये, म्हणजे वारा सोडून मॉडेल तपासायच्या बोगद्यात, घर्षणाचा ड्रॅग गुणांक (हवेच्या घासण्याने होणाऱ्या विरोधाचा आकडा) आला उणे ०.००४. म्हणजे हवा आमच्या मॉडेलला चक्क पुढे ओढत होती! एकूण ड्रॅग लोडसेलवर (बल मोजणाऱ्या सेन्सरवर) मोजला होता, पृष्ठभागावरच्या भोकांतून दाब घेऊन दाबाचा ड्रॅग काढला होता, आणि वजाबाकीत उरेल ते घर्षण. एकूण ०.२७६, दाबाचा ०.२८०. दोन दिवस आम्ही लोडसेललाच शिव्या घातल्या.

घोळ घनतेचा होता. एकूण ड्रॅगच्या हिशेबात वेग अॅनिमोमीटरचा (वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्राचा) आणि हवेची घनता पुस्तकातली, १.२२५ किलो प्रति घनमीटर. ती समुद्रसपाटीची, १५ अंशांची. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर. ३० अंशांना इथली घनता १.०९ च्या आसपास. ती घातल्यावर ०.३१ आले, घर्षण ०.०३. दाबाचा आकडा मात्र हलला नाही, कारण त्याला भागलं होतं पिटो ट्यूबवर (वाऱ्याकडे तोंड केलेल्या नळीवर) थेट मोजलेल्या डायनॅमिक दाबाने, म्हणजे वाऱ्याच्या वेगामुळे येणाऱ्या दाबाने, आणि तिथे घनता लागतच नाही. दोन्हीकडे हाच भाजक घ्या.

वेगासाठी घनता लागलीच, तर दाब मोबाइलवर बघू नका. अॅपवरचे १०१० समुद्रसपाटीला आणलेले असतात. खोलीतला दाब ९४५ हेक्टोपास्कलच्या आगेमागे. तापमान प्रत्येक रनला लिहा. डिसेंबरातली १० अंशांची सकाळ आणि मे महिन्यातली ४० अंशांची दुपार, यांत घनता दहा टक्क्यांनी हलते.

मुळात वजाबाकीच नाजूक. एकूण ड्रॅगमध्ये तीन टक्के चूक म्हणजे ०.००९, घर्षणाच्या ०.०३ मध्ये तीच तीस टक्के. म्हणून सपाट पाटीच्या (फ्लॅट प्लेटच्या) सूत्राने घर्षणाचा अंदाज आधी काढून ठेवा.

मॉडेल ज्या दांड्यावर उभं असतं त्याचा ड्रॅग एकूणातून वजा करावा लागतो, पण तो नुसता दांडा ठेवून मोजू नका. मॉडेल वर असताना दांड्याभोवतीचा प्रवाह वेगळा असतो. मॉडेल दुसऱ्या आधाराने दांड्याच्या केसभर वर धरा आणि मग मोजा.

भोकं पुढच्या बाजूला भरपूर आणि मागे चारच, हेही नेहमीचं. पुढे ड्रिल करायला सोपं जातं ना! पण दाबाचा ड्रॅग मुख्यतः मागेच तयार होतो. १९८४ च्या अहमद बॉडीच्या (गाडीच्या साध्या ठोकळ्यासारख्या मॉडेलच्या) प्रयोगांत मागचा उतार ३० अंशांचा असताना ड्रॅग सर्वाधिक होता, आणि जरा पुढे गेल्यावर एकदम घसरला. सातपूरहून (नाशिकच्या औद्योगिक वसाहतीतून) मॉडेल करून आणलंत तर तो कोन स्वतः मोजा. भोकांच्या काठावरून नख फिरवा. अडकलं तर तिथे बर (ड्रिलने उरलेली धातूची खरखरीत कड) आहे, दाब चुकीचाच येणार.